चवीची वही

प्रयागबाईनं पातेल्यावरचं झाकण बाजूला सारलं आणि वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. डोळे मिटून ती क्षणभर तशीच उभी राहिली. वाफ गरम होती, ओली होती, गालांवरून गळ्यापर्यंत उतरत होती. बाकी तिच्यात काही नव्हतं.

"कुनाची पाळी हाय गं आज?" तिनं दारातून हाक मारली.

"माजी!" व्हरांड्यातून समृद्धी धावत आली. पाचवीतली, हडकुळी, बोलायला लागली की हातवारे करणारी पोर. "मावशी, आज सर न्हाईत. तरी वहीत लिहायचं का?"

"सर न्हाईत म्हनून भूक लागायची ऱ्हानार हाय का? ये, वाकून बघ. जपून, वाफ लागंल."

समृद्धी पातेल्यावर वाकली आणि तशीच मागं सरली.

"मावशी, याला वास येतोय."

"कसला गं?"

"ओल्या गोनपाटाचा. गोठ्यात पडून कुजतं ना, तसला."

प्रयागबाई पुन्हा वाकली. लांब श्वास आत ओढला. छाती भरली, पण नाकात काही उतरलं नाही. तिनं आणखी दोघा पोरांना बोलावलं. एकानं नुसतं "शीऽ" केलं आणि दुसऱ्यानं नाक धरून पळ काढला. ही भाताच्या खाचरांत वाढलेली पोरं होती. नवा तांदूळ, जुना तांदूळ, भिजून वाळवलेला तांदूळ यांतला फरक त्यांना कुणी शिकवावा लागत नव्हता.

सकाळी तांदूळ निवडताना दोन-चार ढेकळं हाताला लागली होती, हे तिला आता आठवलं. तिनं ती फोडून, तीन पाण्यांनी तांदूळ धुऊन घेतला होता. तिनं पातेल्याचे दोन्ही कान फडक्यानं धरले, मागच्या ओढ्यापर्यंत गेली आणि अठ्ठावीस पोरांचा भात खड्ड्यात ओतून वर माती लोटली. त्या दिवशी पोरांनी नुसती मटकीची उसळ खाल्ली. समृद्धीनं वहीत लिहिलं: 'आज भात नाही. तांदळाला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. माझ्या आजीने असा तांदूळ कोंबड्यांनाही टाकला नसता. उसळ छान.'

उंबरदऱ्याची ही शाळा धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत होती. थंडीच्या दिवसांत पाण्यावरून धुकं उठे आणि दहा वाजेपर्यंत शाळा त्यात बुडून राही. आधी घंटेचा आवाज यायचा, मग पोरांचे आवाज, आणि सगळ्यांत शेवटी पोरं दिसायची. दोन वर्गखोल्या, दोन शिक्षक. त्यातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आणि रामदास सर मतदार यादीच्या कामाला दोन दिवस घोडेगावला गेलेले. शेजारच्या वाडीचे गुरुजी सकाळी येऊन हजेरी घेऊन जात. बाकी शाळा म्हणजे प्रयागबाई.

सोळा वर्षं ती पोरांची खिचडी शिजवत होती. त्यातली शेवटची चार-साडेचार वर्षं तिला कसलाही वास येत नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आठ दिवस तापानं पडली. ताप उतरला, खोकला गेला, पायांत बळ आलं. वास मात्र आला नाही. जिभेला खारट, आंबट, तिखट एवढं कळे. पण फोडणी बसली का, दूध नासलं का, चुलीवरचं खाली लागलं का, हे काही केल्या कळेना. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वाट बघा. तिनं वाट बघितली. मग वाट बघत असल्याचंही विसरली.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. नवरा कधीच गेलेला, लेक लग्न होऊन भोसरीला. दिवस उजाडला की शाळेत जायचं आणि पोरांच्या ताटात वाढायचं, या एका गोष्टीवर तिचा दिवस उभा होता. नाक गेलेल्या बाईला कोण स्वयंपाक करू देईल?

जागेपणी गेलेले वास तिला पहाटेच्या झोपेत भेटायला येत. कधी राबाचा धूर येई. भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याचा तो निळा, गोडसर धूर. कधी अंगणात वाळत घातलेल्या हिरड्याचा तुरट वास. कधी नवऱ्याची पावसात भिजलेली घोंगडी, कधी तान्ह्या लेकीची टाळू. स्वप्नात माणसं दिसत नसत, घर दिसत नसे. नुसता वास यायचा आणि त्याच्या मागून ती चालत राहायची, पाण्यावरून, धुक्यातून, पाय न भिजता. जाग आली तरी ती बराच वेळ हलत नसे. काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर असावा आणि हललं तर सांडेल, तशी पडून राही.

आणि शाळेत ती पोरांना विचारू लागली. "ये गं बाय, बघ बरं, करपलंय का?" पहिल्यांदा गंमत म्हणून विचारल्यासारखं केलं. मग रोज कुणीतरी एक पोर पातेल्याशी येऊन वाकू लागलं.

एके दिवशी रामदास सरांनी ते पाहिलं. दारात उभे राहून पाहतच राहिले.

"प्रयागबाई, तुम्ही फार मोठी गोष्ट करताय," ते म्हणाले. "ज्यांनी खायचं, त्यांनाच विचारताय. आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही."

प्रयागबाईनं खाली बघून लाकूड चुलीत सारलं. तोंडावर जाळाची धग आली, का दुसरं काही, तिला कळलं नाही.

नियम असा, की पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं आणि एका पालकानं चव घ्यायची आणि नोंद करायची. ती नोंद वर्षानुवर्षं एकच होती: 'चव चांगली.' सरांनी दुसऱ्या दिवशी एक दोनशेपानी वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि पोरांच्या हातात दिली. रोज एकाची पाळी. नियम दोनच. जे वाटलं ते लिहायचं. आणि लिहिलेलं कुणी खोडायचं नाही, सरांनीसुद्धा नाही.

पोरं तिला चवीची वही म्हणत. 'आज मीठ कमी. पण वाटाणा मऊ.' 'आज मावशी कोणावर तरी रागावली असावी, तिखट आहे.' 'मला दोनदा वाढले म्हणून चव छान.' पानाचा फोटो सर रोज पालकांच्या ग्रुपवर टाकत. शेतात, कंपनीत, आळेफाट्याच्या गाळ्यावर, जिथं असतील तिथं आईबाप ते वाचून हसत. ज्या पोरांना चार ओळींचा निबंध सुचत नसे, ती खिचडीवर अर्धं पान लिहू लागली. सर म्हणत, ही सगळी प्रयागबाईंची करणी. ते ऐकलं की तिला आतून गोड वाटे आणि लगेच ती चुलीशी काहीतरी काम काढे.

भात ओतून दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, धुकं विरायच्या आत, तिच्या दारात पिकअप येऊन थांबली. गाडीवर समृद्धीचा बाप, आदेश.

"मावशी, चावी द्या कोठीची. पोरीनं घरी सांगितलं, तांदूळ खराब हाय म्हनून. मी शेठना फोन केला. शेठ म्हनले, लगेच बदलून दे. पाच गोन्या आनल्यात."

शेठ म्हणजे आदेश ज्याची गाडी चालवायचा, तो गोरखशेठ. त्याच्या मेहुण्याकडे शाळांना तांदूळ पुरवायचा ठेका होता आणि गोरखशेठ स्वतः या खेपेला जिल्हा परिषदेला उभा होता.

"देव भलं करो त्यांचं," प्रयागबाई म्हणाली आणि तिनं चावी दिली. एवढंच नाही, शाळेपर्यंत जाऊन गोण्या चढवता-उतरवताना आदेशला हातही लावला. जुन्या गोण्या गाडीत चढल्या, ताडपत्री ओढली गेली, गाडी धुक्यात दिसेनाशी झाली. माणूस मोठा असून पोरांसाठी किती धावला, असं तिच्या मनात येत राहिलं.

सर परत आले. वही वाचली, कोठीत जाऊन नवा तांदूळ हातात घेऊन बघितला आणि रोजच्या सवयीनं त्या दिवशीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तांदूळ त्वरित बदलून मिळाला. आभार.'

आभार कुणी वाचलेच नाहीत. निवडणूक आठ दिवसांवर होती. संध्याकाळपर्यंत ते पान मंचरच्या बाजारात पोचलं. रात्रीतून ओतूर-नारायणगावपर्यंत गेलं. कोंबड्यांचं वाक्य लाल रेघेनं अधोरेखित झालं, त्यावर गोरखशेठचा हात जोडलेला फोटो कुणीतरी चिकटवला आणि विरोधातल्या पोरांनी प्रचाराच्या गाडीवर ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी गोरखशेठ शाळेत आला. सरांशी दहा मिनिटं बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, फक्त बाहेर आलेल्या सरांचा चेहरा दिसला. मग तो एकटाच स्वयंपाकाच्या खोलीकडे वळला आणि दारातच, चप्पल काढून, पाटावर बसला.

"काय मावशी, च्या पाजता का न्हाई?"

"दूध न्हाई शेठ. कोरा चालंल का?"

"तुमच्या हातचा काय बी चालंल." तो घोट घेत राहिला. बोलणं हळू, अगदी घरच्यासारखं. "सोळा वर्षं झाली न्हाई तुमाला? आमच्या आईला लई कौतिक तुमचं. एक विचारतो. खरं सांगायचं. त्या दिवशी तुमाला सोताला वास आला व्हता का?"

प्रयागबाईचा हात चुलीपाशी थांबला.

"न्हाई," ती म्हणाली.

गोरखशेठनं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ हसू आलं, की तिला क्षणभर आपण काही चांगलं केलं असंच वाटलं.

"बस्स. मला म्हाईत व्हतं. बुधवारी म्याडम येनार हायत चौकशीला. तितं येवढंच बोला. शिजवनारनीला वास आला न्हाई, मंग पोरीला कुठून आला? कुनीतरी लिहून घेतलं तिच्याकडनं. मास्तरानं."

"अवो, सरांनी काय न्हाई..."

"मास्तर जाईल दुसऱ्या शाळंवर, त्याचं काय बिघडनार न्हाई. पोरगी मोबाइलवर दोन वाक्यं बोलंल, माफी मागंल, मिटलं. आदेश आपलाच मानूस हाय. आन् ती वही काय? आसलं पोरांच्या हातात कुनी देतं का? उद्या पोरं काय बी लिहितील." तो उठला, चप्पल घातली. "तुमी आपली खिचडी करा निवांत. मी हाय तवर तुमाला कोन हात लावत न्हाई."

तो गेला. कोऱ्या चहाचा कप पाटाशी राहिला. प्रयागबाई खूप वेळ त्याच्याकडे बघत बसली. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि त्यात चुलीचा धूर संथपणे फिरत होता. तो वर चढे, वळे, पुन्हा खाली येई. तिला वाटलं, आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून कुणीतरी काहीतरी सांगतंय, पण इथवर पोचत नाही. ती खरं तेच बोलली होती. तिला वास आला नव्हता. देवाशपथ आला नव्हता. बुधवारीही ती खरंच बोलणार होती. मग अंगावर शहारा का येत होता?

मंगळवारी मधल्या सुट्टीत समृद्धी एक घडी केलेला कागद घेऊन तिच्याजवळ आली.

"मावशी, माजं पाठांतर घ्या ना. उद्या चुकायला नको, पप्पा म्हनलेत."

"कसलं गं? वक्तृत्वाचं?"

"न्हाई. माफीचं."

तिनं कागद प्रयागबाईच्या हातात दिला आणि दोन्ही हात मागं बांधून, पंधरा ऑगस्टला उभी राहते तशी ताठ उभी राहिली.

"माझे नाव समृद्धी आदेश गेंगजे. मी इयत्ता पाचवीत शिकते. मी वहीत जे लिहिले ते खोटे होते. ते मला... ते मला..."

"सरांनी," प्रयागबाईनं कागदावर बोट ठेवत वाचून सांगितलं.

"ते मला सरांनी लिहायला सांगितले. आमच्या शाळेचा तांदूळ चांगला आहे. गोरखभाऊंची मी..." ती थांबली. हात सुटून खाली आले. "मावशी, पन वास आला व्हता ना?"

प्रयागबाईनं कागदाची घडी घातली.

"पप्पा म्हनतात आला नव्हता. शेठ म्हनतात आला नव्हता. आन् शेठ म्हनले, मावशीला बी आला नव्हता, तिला इचार." पोर तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "आज मी घरी आईनं शिजवलेला भात हुंगला. मला कायच कळंना. चांगला हाय का वाईट. मला आता वाटतं, त्या दिवशी मला उगंच भास झाला."

प्रयागबाईला पहाटेची अंथरुणावरची ती वेळ आठवली. डोळे उघडायच्या आधीची. काहीतरी होतं, अगदी जवळ होतं, आणि हाताशी काही उरलं नाही, ती वेळ. आपलं नाक तापानं गेलं. या पोरीचं आपण घालवतोय. तेही तोंडातून एक खरा शब्द काढून.

"जा," ती म्हणाली. "हात धू. पोरं बसली जेवायला."

"पाठांतर?"

"झालंय तुजं. जा."

बुधवारी धुकं उशिरापर्यंत हललं नाही. मोठ्या वर्गात बाकं भिंतीला लावली होती. मध्ये टेबल. टेबलामागं पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी मॅडम, गळ्याभोवती शाल, समोर फाईल आणि चवीची वही. एका बाजूला सर, दाढी वाढलेली. दुसऱ्या बाजूला गोरखशेठ आणि त्याची चार माणसं. शाळा समितीचे पालक मागं उभे. दाराशी आदेश मोबाइल हातात धरून आणि त्याच्याजवळ वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली समृद्धी.

मॅडमनी आधी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मी त्या दिवशी घोडेगावला होतो. पान मी लिहून घेतलं नाही. पण वही माझी आहे. पोरांनी मनातलं लिहावं, ही कल्पना माझी आहे. त्याची जबाबदारी मी टाळत नाही."

"बघा म्हणजे," गोरखशेठ म्हणाला. "कबूलच केलं."

"शेठ, तुमची पाळी येईल," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "स्वयंपाक कोण करतं?"

प्रयागबाई पुढं आली. पदरानं हात पुसले.

"त्या दिवशी तांदळाला वास आला होता का तुम्हाला?"

"न्हाई, बाई."

मागं कुजबूज झाली. गोरखशेठ खुर्चीत आरामात टेकला. सरांनी मान वर केली नाही. समृद्धीनं मात्र प्रयागबाईकडे बघितलं आणि मग हळूच स्वतःच्या पायांकडे.

मॅडम लिहू लागल्या. "स्वयंपाकी यांना... वास... आला नाही."

"फुडं लिवा," प्रयागबाई म्हणाली. "मला कसलाच वास येत न्हाई. चार वर्स झाली."

पेन थांबलं.

"काय?"

"कोरोनात गेला माजा वास. राकेलाचा येत न्हाई, फुलाचा येत न्हाई, घान येत न्हाई. घरात उंदीर मरून पडला व्हता, शेजारनीनं सांगितलं तवा कळलं. आता तुमच्या टेबलावर कुजका तांदूळ ठिवला, तरी मी न्हाईच म्हनीन."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग इतकी वर्षं स्वयंपाक कसा केलात तुम्ही?" मॅडमचा आवाज चढला होता.

"पोरांच्या नाकानं, बाई. रोज एक पोर बोलवायची. ते म्हनलं चांगलं, तर वाढायची. ते म्हनलं करपलं, तर वरचं काढून घ्यायची. चार वर्सांत एका बी पोराचं पोट दुखलं न्हाई. रजिस्टर बघा. सरांना वाटलं, मी पोरांचा मान ठेवती. मी माजी भाकर राखत व्हते."

गोरखशेठ पुढं झुकला. आता त्याच्या आवाजात घरचं काही नव्हतं. "म्याडम, ह्ये काय चाललंय? नाक नसलेली बाई साक्षीला? हिचं काय लिहून घेता?"

"तुमीच आनलं मला साक्षीला, शेठ," प्रयागबाई म्हणाली. "मला वास आला न्हाई, ह्ये खरं. पर वास नव्हता, असं मी म्हननार न्हाई. पोरीनं सांगितलं, मी अख्खं पातेलं वतलं. आन् तांदूळ चांगला व्हता, तर दुसऱ्या दिशी धुक्यात गाडी कशाला आली गोन्या बदलायला? चावी मीच दिली. हात बी लावला चढवायला. तुमाला दुवा दिला."

खोलीत सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आदेश जमिनीकडे बघत होता.

"आदेश," गोरखशेठ म्हणाला, "लेकीला पुढं आन. व्हिडिओ घे. पोरीच्या तोंडूनच ऐकू दे सगळ्यांना."

आदेशनं हातातल्या मोबाइलकडे बघितलं. मग समृद्धीच्या लाल रिबिनींकडे. मोबाइल त्यानं पँटच्या खिशात घातला.

"शेठ, बॅटरी उतरली."

"काय?"

"उतरली म्हनलं."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. एखाद्या सिनेमाचं नाचाचं गाणं होतं, मोठ्या आवाजातलं. सगळी खोली ते ऐकत राहिली. आदेशनं फोन काढला नाही, बंदही केला नाही. समोर भिंतीवरच्या नकाशाकडे बघत तो तसाच उभा राहिला. गाणं पूर्ण वाजलं आणि थांबलं.

गोरखशेठ उठला. "समदं लक्षात ठेवतो," एवढंच म्हणाला आणि माणसं घेऊन बाहेर पडला. धुक्यात गाडीचे दिवे लागले, वळले, नाहीसे झाले.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वहीचं पान फाडलं जाणार नाही. आहे तसं अहवालाबरोबर जाईल. मुलीकडून कुणी काही वदवून घ्यायचं नाही. सर, तुमच्यावरच्या तक्रारीचं वर काय ठरेल, ते माझ्या हातात नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि मावशी, तुम्हाला मात्र..."

"कळतंय बाई."

"नियम आहे. आजपासूनच थांबावं लागेल. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मी बी त्येच म्हनते," प्रयागबाई म्हणाली. "एका पोराच्या नाकावर भागत न्हाई."

सर तिच्यामागून व्हरांड्यात आले. धुकं आता विरत होतं आणि खाली धरणाचं पाणी मधून मधून दिसत होतं.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुमी मला थोर समजत व्हता, सर. कुनी तसं कधी समजलं नव्हतं. ते बरं वाटायचं."

चवीची वही सरांच्या हातात होती, ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

जेवणाची घंटा झाली. खिचडी सकाळीच शिजली होती, पण वाढायला प्रयागबाई नव्हती. मंगल नावाची एक पालक पदर खोचून पुढं झाली होती. डाव किती भरायचा हे तिला कळत नव्हतं आणि पोरं तिला शिकवत होती. पहिलीच्यांना थोडं. त्याला मटकी आवडत न्हाई, त्याला रस्सा घाला. प्रयागबाईनं स्वयंपाकाच्या खोलीतलं आपलं फडकं घेतलं, पाण्याची बाटली घेतली आणि चप्पल घालायला ती व्हरांड्याच्या कडेला आली. अकरा ते दोन या वेळात घरी काय करतात, याचा ती विचार करत होती. ऊन पडलं होतं. तिला उगाच झोप आल्यासारखं झालं.

"मावशी, कुटं चालल्या?" समृद्धीनं पंगतीतून विचारलं. तिच्या एका वेणीची रिबीन सुटून लोंबत होती.

"घरी."

"जेवून जा ना."

सोळा वर्षांत ती या पंगतीत कधी बसली नव्हती. पोरांचं झालं, की पातेल्याच्या तळाशी उरलेलं तिथंच उभ्यानं खायची. ती "नको गं" म्हणणार होती. पण समृद्धी आधीच बाजूला सरली होती. तिच्या सरण्यानं तिच्या शेजारचा पोरगा सरला. त्याच्या शेजारची सरली. ताटं खरखरत पुढं गेली, मांड्या उचलल्या गेल्या, कुणाच्या तरी तांब्याला धक्का लागून ओरड झाली. एकेक वीत करत भिंतीपर्यंतची सगळी ओळ हलली. आणि पार टोकाला बसलेलं पहिलीतलं पोर, कुणासाठी सरकायचं हे त्याला माहीतही नव्हतं, ते ताट दोन्ही हातांनी धरून सतरंजीवरून उतरलं आणि बाहेरच्या उन्हात जाऊन बसलं.

प्रयागबाई चप्पल काढून समृद्धीशेजारच्या त्या जागेत बसली.